कडी वाजली नाही

परक्यांच्या मेलेल्यांसाठी रडणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींच्या विभागात मी श्रद्धांजलीच्या ओळी लिहिते. लोक फोटो देतात, मी चार ओळी. ‘बाबा, तुमची सावली हरपली’ हे इतक्यांदा लिहिलंय, की माझे वडील गेले तेव्हा मला एक ओळ सुचली नाही. दिवसभर ‘मी, मी’ टाइप करायचं. तो ‘मी’ कधी कुणाच्या मुलाचा, कधी सुनेचा. माझा नाहीच.

माझी म्हणावी अशी एकच कविता मी लिहिली, नवरा परगावी गेला होता तेव्हा. घरी ठेवायची सोय नाही. तो खांद्यावरून डोकावून वाचतो आणि चारचौघांत वाचून दाखवतो. म्हणून ऑफिसच्या कॉम्प्युटरवर, श्रद्धांजल्यांच्याच फायलीत, तळाशी लपवली होती. काल घाईत नेमकी तीच उचलली गेली.

सकाळी पेपर उघडला आणि पायाखालची जमीन सरकली. कुणा भल्या गृहस्थाच्या फोटोखाली माझी कविता:

तू नाहीस. कडी वाजली नाही.
बेल सोडून कडीच हाणायची तुझी रीत, मी धावेपर्यंत.
आज मी धावले नाही.
खुर्चीत बसून माझं नाव मोठ्यानं घेतलं.

खाली ‘तुझीच, पत्नी’.

तोवर नवऱ्यानं पेपर माझ्या हातातून ओढून पिशवीत कोंबला आणि तो कामाला गेला. डबा खाताना तो पेपर वाचतो, छोट्या जाहिरातींसकट. आमची कडी अख्ख्या जिन्याला पाठ आहे. त्याला कळणार नाही होय?

ऑफिसात साहेब वाटच बघत होते. “बाई, हे काय छापलंत? लोक मला फाडून खातील!” नोकरी जाण्याची भीती होतीच, पण ती दुसऱ्या नंबरची.

तेवढ्यात फोटोतल्या गृहस्थांच्या पत्नी आल्या. बरोबर रागानं लाल झालेला मुलगा. “कुणी लिहिलं हे?” तो ओरडला.

“अरे, मीच फोनवर सांगितलं ना यांना,” बाई शांतपणे म्हणाल्या. “जा, रिक्षा थांबव.”

साहेबांचा जीव भांड्यात पडला. ते केबिनमध्ये गेल्यावर बाई माझ्याजवळ सरकल्या. “तुमचीच ना ही?”

मी मान हलवली.

“आमचे खाकरायचे. जिन्याखाली खाकरले की माझ्या हातातलं भांडं पडायचं. हे कुणाला सांगितलं नव्हतं मी.” त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. “तुमचे आहेत अजून?”

“आहेत.”

“मग कुणीही विचारलं तरी माझंच नाव सांगा. माझं आता कोण काय वाकडं करणार?”

घरी येईपर्यंत मी तेच घोकत होते: एका बाईंनी फोनवर सांगितलं, मी फक्त टाइप केलं. बहाणा तयार, साक्षीदार तयार. तरी भाजी चिरताना मधेच वाईट वाटायचं. होती एक कविता, तीही देऊन टाकायची.

त्याची वेळ झाली. मी कडीकडे कान लावून उभी होते.

बेल वाजली. एकदाच, हळू. मग बाहेर नुसती शांतता. तो थांबला होता. कडीची भीती निदान ओळखीची होती. ही नवी होती.

दार उघडलं. त्याच्या हातात पेपर होता, तेच पान वर.

“ही बाई कोण गं?” त्यानं विचारलं. आवाज अगदी खाली.

त्या बाईंचं नाव माझ्या जिभेवर होतं. उच्चारलं की सुटले असते.

“मी,” मी म्हटलं, आणि पडू नये म्हणून चौकट घट्ट धरली.