गाढवीसाठी आमीन

मिलूद आला तेव्हा मी डफ शेकत बसलो होतो. मेक्नेस शहरातल्या हदीम चौकात आम्ही दोघं कित्येक वर्षं लोकांचं रिंगण जमवून खेळ करतो. तो जनावरांच्या कविता म्हणतो, गाढवासारखा रेकतो, लोक पोट धरून हसतात. मी डफ वाजवतो आणि टोपी फिरवतो. त्या दिवशी तो येणार नाही अशी माझी खात्री होती, कारण त्याच्या बायकोला, यामनाला, दुपारी ऑपरेशनसाठी आत नेलं होतं.

"इथं कशाला कडमडलास?" मी म्हणालो. "दवाखान्यात बस की."

"तिथं काय भिंतींकडून आमीन म्हणवून घेऊ?" त्याचे ओठ कोरडे पडले होते. "डॉक्टर म्हणतो, आता दुआ करा. अल्लाल, दोस्ता, माझ्या एकट्याची कोण ऐकणार? जन्मभर माकडचाळे केलेत मी. मला रिंगण पाहिजे."

यात वेडगळ काही नव्हतं. आमच्याकडे खेळ ऐन रंगात आला की थांबतात, सगळ्यांना हात पसरायला लावतात आणि कुणासाठी तरी मागतात. अनोळखी माणसांनी एका तोंडानं म्हटलेलं आमीन वाया जात नाही, असं आमची म्हातारी माणसं सांगत.

पण या मेल्यानं त्या दुआचीही थट्टा करून ठेवली होती. "या अल्ला, टोपीत काही न टाकणाऱ्याच्या सासूला शंभर वर्षं दे!" लोक त्यासाठीच शेवटपर्यंत थांबत.

गर्दी जमवायला त्यानं कोंबड्याची कविता काढली.

कोंबडा म्हणतो, मी आरवतो म्हणून रोज उजाडतं,
कोंबडी म्हणते, ओरड मेल्या, अंडं माझंच पडतं.

लोक खिदळले, रिंगण भरलं. मग त्यानं हात पसरले.

"भल्या माणसांनो, माझी बायको मरणाच्या दारात आहे. तिच्यासाठी मागा."

मग पुढं बसलेला एक खाटीक म्हणाला, "काय मागू? तिची सुटका की तुझी?" आणि सगळं रिंगण खदखदलं.

"खरं सांगतोय. माझ्या लेकरांची शपथ."

तो जितका गयावया करी तितकं हसू वाढे. त्याच्या डोळ्यांना धार लागली तेव्हा एक बाई शेजारणीला म्हणाली, "बघ, रडतो पण कसा झकास." मी डफ टाकून उठलो, हा खोटं बोलत नाही म्हणून ओरडलो. मलाही हसले. एकेकाचं थोबाड फोडावं असं वाटलं मला. पण त्यांचा काय दोष? आम्हीच त्यांना तसं शिकवलं होतं.

मिलूद मटकन खाली बसला. मला वाटलं, संपलं आता. पण त्यानं बाहीनं नाक पुसलं, हात जमिनीला टेकवले आणि गाढवासारखा चार पायांवर उभा राहिला.

आमची गाढवी आडवी झाली, उठता काही उठेना,
जव दिले, खजूर दिले, तोंडच तिचं उघडेना.
बरी झाली की लाथ मारील, मारू दे, मी खाईन,
त्या लाथेसाठी तरी, लोकहो, बोला सारे आमीन!

असं आमीन मी आजवर ऐकलं नव्हतं. संत्र्यांच्या रसाच्या गाड्यांवरची माणसंसुद्धा ओरडली. खाटकानं तर दोन्ही हात आभाळाकडं केले होते आणि हसून हसून त्याचं अंग हलत होतं.

मिलूद तसाच रांगत माझ्याजवळ आला.

"अल्लाल, हसत म्हटलेलं पोचतं का रे?"

मला काय ठाऊक? "पोचतं," मी म्हणालो.

"पण त्यांनी गाढवीसाठी मागितलं."

"वर बसलाय तो काय ही गर्दी आहे? त्याला कळतं."

तो माझी बाही धरून उकिडवा बसला. मग म्हणाला, "तरी तू एकदा म्हण. न हसता."

मी हात पसरले आणि यामनाचं नाव घेतलं. मागं लोक दुसऱ्या कवितेसाठी टाळ्या पिटत होते.