अर्धा फळीत, अर्धा रंध्यात

"आजोबा, आत रंधा तुम्हीच मारताय का?"

हा प्रश्न बंद सुतारखान्याच्या दाराला तोंड लावून विचारायचा, अशी पैज सुतार आजोबांच्या नातीशी तिच्या मैत्रिणींनी लावली होती. भर दुपारी तिघी खिडकीखाली दबा धरून बसल्या होत्या. "विचार की! झाली का वाघिणीची मांजर?"

तिनं विचारलं. आणि आतून आवाज आला... सर्र... सर्र.

तिघी किंचाळत पळाल्या. ती मात्र कडी काढून आत आली.

मित्रांनो, तो आवाज आमचा होता! मी लाकडाचा एक जुना छिलका. रंधा फळीवरून सरकला की आम्ही वेटोळी घालतच जन्माला येतो. दाराखालून वारा शिरला की माझी भावंडं फरशीवर घासत फिरतात, एवढंच. पण खरं सांगू? मलाही कधीकधी वाटतं, आजोबाच आलेत.

तिचे आजोबा, म्हणजे तिच्या बाबांचे अण्णा, सुतार. त्यांनी आम्हाला कधी कचरा म्हटलं नाही. नातीच्या बाहुलीच्या उशीत आम्ही, कपबश्यांच्या खोक्यात आम्ही, कोंबड्यांच्या खुराड्यात आम्ही, सांडलेलं तेल टिपायला आम्ही आणि चूल पेटवायलाही आम्हीच! खुर्चीचा पाय घडवून झाला की ते त्याचेच मूठभर छिलके घेऊन त्याच्यावर खसाखसा चोळायचे. पाय असा चमकायचा, की बस!

रोज काम संपलं की ते रंध्याच्या तोंडातला शेवटचा छिलका काढायचे आणि पात्याची धार जाऊ नये म्हणून रंधा कुशीवर निजवायचे. पण त्या दिवशी नातीच्या अभ्यासाच्या टेबलाची फळी होती. रंध्याचा एक हात मारता मारता ते अर्ध्यावरच थांबले. "पाणी पिऊन येतो," म्हणाले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे मलाच म्हणाले असतील.

ते परत आलेच नाहीत.

दोन वर्षं झाली. मी अजून अर्धा फळीत, अर्धा रंध्यात. पात्यावर गंज चढला. मी वाट बघतोय.

तिनं मला पाहिलं. एका बोटानं हळूच शिवली. मग दोन्ही हातांनी रंधा धरून रेटला. कर्र! माझ्या अंगाला बारीक चीर गेली.

"अगं, थांब!" मैत्रिणींचा आरडाओरडा ऐकून तिचे बाबा धावत आले होते. मागोमाग आई. "चल बाहेर. रविवारी हे सगळं भंगारात जाणार आहे, सांगितलंय ना तुला?"

"आणि हा?" तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

बाबा वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. "अण्णांनी रंधा उभा ठेवला?" ते पुटपुटले. "असा कधीच ठेवायचे नाहीत ते."

मित्रांनो, एखादी वस्तू फेकण्याआधी एवढंच करा. एकदा वाकून बघा. तिच्यात कुणाचं तरी काम अर्धं राहिलेलं असतं.

वारा आला. सर्र... सर्र. आईनं दचकून बाबांचा हात धरला. पण या वेळी कुणी पळालं नाही.

"आई, बाबा, ऐका," ती म्हणाली. "इथलं काहीही जाणार नाही. मी आधी पात्याला धार लावायला शिकणार. मग आजोबांचा हा हात मीच पुरा करणार. आणि माझं टेबल झालं ना, की त्याच्यावर पहिल्यांदा चोळायला यालाच घेणार!"