पिस्तोयाच्या दाराची किल्ली

खण्ण! छोट्या मेआच्या हातून मी फरशीवर पडले. दुपार झाली तरी चूल थंडच होती.

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी किल्ली आहे. इटलीतल्या पिस्तोया गावच्या लोहाराने मला घडवलं. लापा नवी नवरी होऊन आली, तेव्हा सासूने मला तिच्या कमरेला बांधलं. "सांभाळ गं, घर आता तुझं," म्हणाली. केवढा तोरा होता तेव्हा माझा!

मग गावात विरोधी गटाची सत्ता आली. लापाच्या नवऱ्याला, बाल्दोला, हद्दपार केलं. परत दिसला तर जाळू, अशी दवंडी पिटली. निघताना लापाने दार नीट लावलं, ओढून ओढून पाहिलं.

तेव्हापासून आम्ही बोलोन्या शहरात, भाड्याच्या खोलीत. त्यांची लेक मेआ इथेच जन्मली. मी भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली. दर शनिवारी लापा मला ऑलिव्हचं तेल लावते. शेजारीण हसते, "काय गं परगाववाले, या ईस्टरला जाणार की पुढच्या?"

"जाऊ की! तोवर गंज नको चढायला," लापा म्हणते.

बाल्दो कवी. आमच्याकडे गाणं संपवताना कवी गाण्यालाच निरोप देऊन धाडतो. बाल्दो दर वेळी लिहायचा: जा रे गाण्या, बंदी मला आहे, तुला नाही, माझ्या दाराला हात लावून ये. खेचरवाला चेक्को ती गाणी गावी पोचवायचा.

आज सकाळी तो आला. "बाल्दोदादा, पोचलं हो तुमचं गाणं! धुणं धुताना बायका म्हणतात."

"आणि दार?" लापाने कधी न विचारलेलं आज विचारलं.

चेक्कोने टोपी काढली. "वहिनी, हद्दपारांची घरं ठेवतात होय? तुम्ही गेलात त्याच आठवड्यात पाडलं. दगड गावच्या तटाला लावले. माझ्याने सांगवलं नाही."

त्याच आठवड्यात! आणि मी इतकी वर्षं तेल पीत राहिले.

बाल्दोपुढे नवं गाणं पडलं आहे. निरोपाची ओळ येत नाही. धाडायचं कुठे? लापाने तेलाची वाटी झाकून ठेवली.

मित्रांनो, किल्लीला जपा, पण आधी दाराला जपा. आपल्याच नव्हे, शेजाऱ्याच्याही. दार गेलं की मी नुसतं लोखंड.

मेआने मला उचललं, झग्याला पुसलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं.

"आई, मग ही आता कशाची किल्ली?"