मला सरळ करू नका

मित्रांनो, मी एक जुनी, वीतभर लांबीची पट्टी आहे. निकेल आणि टायटॅनियम या दोन धातूंची. सध्या मुक्काम कामरगाव, भागिरथाबाईंच्या घरातली फळी. मी फार घाबरलेली आहे, म्हणून भरभर सांगते.

माझा जन्म भट्टीतला. खूप तापवून मला साच्यात वाकवून आवळलं आणि तो बाक माझ्या अंगात मुरला. थंड असताना मला कुणीही सरळ करावं. ऊब लागली की मी पुन्हा वाकते. एवढंच माझं शिक्षण.

जेट इंजिनाच्या मागच्या तोंडाला करवतीसारखे दाते असतात. त्यांवर मला बसवलं. विमान उडताना मी तापे, वाके आणि दात्यांना आत ढकले. मग आतला गरम झोत बाहेरच्या हवेत हळूच मिसळे आणि धावपट्टीशेजारच्या घरांना होणारा गोंगाट कमी होई. वर थंडीत मी ढिली पडे, दात्यांचा ताठ पत्रा मला सरळ करी. चाचण्या झाल्या, साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या. श्रेय त्यांनी आपसांत वाटून घेतलं, वाकायचं काम तेवढं माझ्याकडे ठेवलं. पुढे नव्या पट्ट्या आल्या आणि मी खोक्यात गेले.

तिथला इंजिनिअर संघपाल, भागिरथाबाईंचा लेक, मला आपल्या घरी घेऊन आला. "माय, हे इमानाच्या इंजिनाले लागते," एवढं तो बोलला, तोच बाहेर कारंजा गावाला जाणारी जीप वाजली. "बाकीचं पुढच्या खेपेले सांगतो," म्हणत तो निघून गेला.

भागिरथाबाईंनी मला गल्लीभर मिरवलं. शेजारची शीला बघायला आली आणि बोलता बोलता तिनं मला चहाच्या उकळत्या पातेल्यावर आडवं ठेवलं. मी वाकले.

"अवं काकू, हे तं चहाच्या वाफंनं वाकते! तुमच्या संघपालच्या इमानात बसाचं कोनं?"

"तुले बसाले सांगतलं कोनं?"

असं म्हणाल्या खऱ्या, पण चेहरा पडला. शीला गेल्यावर त्यांनी मला दाबून सरळ केलं आणि पुन्हा वाफेवर धरलं. मी पुन्हा वाकले. लेकाची वस्तू आपल्या हातून बिघडली, अशी त्यांची खात्रीच झाली.

रस्त्याकडेला गाडीलोहार मदनसिंगचा भाता लागला होता. पाजवायच्या विळ्यांसोबत मीही पिशवीत निघाले. मित्रांनो, इंजिनाची ऊब मला वाकवते. लाल निखारा मात्र माझी आठवणच पुसतो. तिथे ठोकून सरळ केली, की मी जन्मभराची सरळ. मग मी कोण? पत्र्याचा एक तुकडा.

"चांगली लाल करून ठोक, भाऊ. पुन्हा वाकली नाई पायजे," भागिरथाबाईंनी बजावलं.

मदनसिंगनं मला आधी हातानं दाबून सरळ केलं, मग सांडशीत धरून निखाऱ्यांकडे नेलं. धग लागली आणि भीतीनं म्हणा, सवयीनं म्हणा, मी अशी वाकले की पकडीतून निसटून पाण्याच्या डब्यात पडले.

"बाई, ये तो जिंदा हाय!" मदनसिंग मागे सरकला. "मी नाय हात लावत."

"लोहार असून पट्टीले भेतं? राहू दे," भागिरथाबाई म्हणाल्या. "उद्या कारंज्याले वेल्डिंगवाल्याकडं नेतो. संघपाल घरी याच्या आंधी सरळ कराचीच हाय."

वेल्डिंगवाला भिणार नाही. त्याची ज्योत तर भात्याहून कडक असते म्हणतात.

मित्रांनो, एखादी वस्तू वाकडी दिसली, तर ठोकण्याआधी घडवणाऱ्याला विचारा. आणि तुमच्यापैकी कुणी कामरगावचं असेल, तर धावत जाऊन भागिरथाबाईंना एवढंच सांगा: माय, संघपालले एक फोन लाव. सकाळची जीप सुटायच्या आत.