सिलिकॉनची रेघ

"काका, काच वाजवू नका, मासे घाबरतात," दुकानदार म्हणाला.

मिस्त्री काच वाजवत नव्हते. मोठ्या टाकीचा सांधा तपासायला त्यांनी नुसतं बोट टेकवलं होतं, आणि ते बोट आपलं आपणच थरथरत होतं. टकटक, टकटक. शेजारी उभ्या मिस्त्रीणबाईंनी ते पाहिलं. मिस्त्रींनी झटकन हात खिशात घातला आणि उलट दुकानदारावरच डाफरले, "हे सिलिकॉन लावलंय की टूथपेस्ट फासलीय? असली टाकी मी घरात ठेवणार नाही. मीच बनवतो!"

आता हे मिस्त्री म्हणजे साधेसुधे नव्हेत. उभा जन्म काचा बसवण्यात गेलेला. उंच इमारतींच्या बाहेरून, दोरांना टांगलेल्या पाळण्यात उभं राहून दाराएवढी काच चौकटीत बसवायची, आणि खाली बघायचं नाही. असा माणूस नाकावर माशी बसू देईल होय? चहाचा कप बशीत खडखडायला लागला तेव्हा म्हणाले, थंडी आहे. शर्टाचं बटण लागेना तेव्हा म्हणाले, काजं बारीक शिवलीत. डॉक्टरांचं नाव काढलं की घरातून निघून जायचे. बाईंना माशांची हौस जुनी होती, लहान टाकीत मासे दाटीवाटीने राहत होते म्हणून मोठी घ्यायला निघाले होते, आणि आता ही नवी धास्ती पदरात पडली.

घरी येताना त्यांनी हिय्या केला. "अहो, सोमवारपासून अकराव्या मजल्याचं काम आहे. या हाताने?"

"कुठल्या हाताने?" मिस्त्री रस्त्यातच थांबले. "पैज लाव. चार फुटी टाकी बनवतो. एक थेंब जरी गळला तरी मुकाट्याने डॉक्टरकडे येतो, पाळण्यात पाय ठेवत नाही. नाही गळला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

बाई कबूल म्हणाल्या. तिथेच फसल्या. त्यांना वाटलं, असल्या हाताने जोडलेली टाकी गळणार नाही तर काय होईल? नवऱ्याचं काम बिघडावं म्हणून मनात प्रार्थना करणारी बायको तुम्ही पाहिली नसेल. ही एक होती.

टाकी बैठकीच्या खोलीतच जोडली. बाईंनी काचा धरल्या आणि मिस्त्रींनी सांध्यात सिलिकॉन भरलं. एकेकाळी त्यांची रेघ पट्टीने आखल्यासारखी यायची. आताची रेघ वेडीवाकडी निघाली. ती पाहून बाईंना रडू कोसळायची वेळ आली, पण काच सोडता येईना. मिस्त्रींनी चुकलेल्या रेघेवर दुसरी रेघ ओढली, बोटाने दाबली, तिच्यावर तिसरी. दिसायला गबाळी, पण जाडजूड.

सिलिकॉन वाळल्यावर स्टँड भिंतीलगत समपातळीत बसवला, त्यावर थर्माकोल, त्यावर टाकी. तळाशी धुतलेली वाळू पसरली. वाळू उधळू नये म्हणून तिच्यावर ताटली ठेवली आणि ताटलीवर नळीने पाण्याची धार सोडली. पाणी भरायच्या दिवशी मिस्त्रींचा धाकटा भाऊ मजा बघायला हजर. खाली वर्तमानपत्रं पसरत तो म्हणाला, "वहिनी, पोहता येत नसेल तर आत्ताच माळ्यावर चढून बसा!"

बाईंना हसू येईना. पाणी चढत गेलं तसा त्यांचा जीव टांगणीला लागला. अर्धी टाकी भरली. पाऊण भरली. काठाशी आली. भावजींनी वर्तमानपत्रं उचलून उलटीसुलटी केली. कोरडी ठणठणीत!

"जिंकलो!" मिस्त्रींनी टाळी वाजवली. "सोमवारी निघालो मी अकराव्या मजल्यावर."

बाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. आजवर घरातली टाकी गळेल म्हणून भीती वाटायची, आता ही गळली नाही म्हणून भीती वाटत होती. रात्रभर त्यांना पाळणा दिसत होता, आणि काच धरलेला तो हात.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ टाकीसाठी दगड आणि पाणवनस्पती आणायला बाहेर पडले. बाईंनी दाराला कडी घातली, मिस्त्रींच्या पिशवीतून पातळ पातं काढलं आणि टाकीसमोर उभ्या राहिल्या. इतकी वर्षं मिस्त्रींचं बोलणं ऐकून एवढं तरी माहीत होतं की पाण्याचा सगळा जोर तळाशी असतो. तिथे पातं लावलं तर काचेसकट सगळं अंगावर येईल. म्हणून त्यांनी वरचा कोपरा धरला, पाण्याच्या पातळीखाली चार बोटं. श्वास रोखला आणि पातं दोन काचांच्या मधे रेटलं. एकदा, दोनदा. एक थेंब आला, मग बारीक धार लागली. पातं पुसून पिशवीत परत ठेवलं, दाराची कडी काढली आणि त्या स्वयंपाकघरात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"अरे बापरे! दादा, गळतेय की!" भावजींची आरोळी आली तेव्हा बाई बाहेर आल्या. मिस्त्री गुडघ्यावर बसून सांध्यावरून बोट फिरवत होते. ते बोट त्या चिरेपाशी थांबलं. एकदा वर गेलं, एकदा खाली आलं. बाईंची पाचावर धारण बसली.

"कुठून गळतंय?" भावजी वाकून बघायला लागले.

मिस्त्री सरकले आणि आपल्या पाठीने तो कोपरा झाकला. "माझाच सांधा कच्चा राहिला. तू कामावरच्या साहेबांना फोन लाव. अकराव्या मजल्याचं काम दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं."

"काय बोलतोस दादा!"

"लाव म्हणतो ना."

भावजी फोन घेऊन गॅलरीत गेले. खोलीत पाण्याचा बारीक आवाज तेवढा राहिला.

"कच्चा सांधा आधी तळाशी फुटतो," मिस्त्री बाईंकडे न बघता म्हणाले. "वर नाही."

बाईंनी आपला हात पदराखाली घेतला.

"हात कापला नाही ना कुठे?"

एवढं ऐकलं आणि बाई जमिनीवरच बसल्या, ओल्या वर्तमानपत्रांवर. "मला फार भीती वाटते हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही पडाल म्हणून."

"मलाही वाटते."

"मग चढत का होता?"

"पडण्याची नाही वाटत." मिस्त्रींनी दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. पहिल्यांदाच त्यांनी ते लपवले नाहीत. उजवा हात चांगलाच थरथरत होता. "पडलो तर एकदाच काय ते. डॉक्टर जे सांगतील, ते मला रोज सहन करावं लागेल."

गॅलरीतून भावजींचं बोलणं ऐकू येत होतं. बाईंनी तो उजवा हात आपल्या हातात घेतला. तो थांबला नाही.

"वेळ घे डॉक्टरांची," मिस्त्री म्हणाले. "पण आत तू पण यायचं. मी एकटा नाही बसणार त्यांच्यासमोर."