घोड्याच्या शेपटीतला दम

त्या दिवशी आमच्या मैदानावर एवढी गर्दी होती, की गावप्रमुखाची गाय माणसांच्या खांद्यांवरून चालत पलीकडे गेली म्हणतात. म्हणतात म्हणजे मीच म्हणतो. लेसोथोच्या या डोंगरात साठ वर्षं थापा मारतोय, म्हणून दुसऱ्याची थाप मला लांबूनच कळते.

मधोमध मोखेले मांत्रिक ओरडत होता. "आयांनो, बापांनो! घोडा म्हातारा होतो, पण शेपटीतला दम म्हातारा होत नाही! हा केसांचा दोरा घोट्याला बांधा. फक्त चढ चढू नका, दम सांडेल!"

एका दोऱ्याची किंमत एक कोंबडी. पुरावा तिथल्या तिथे. म्हाताऱ्याने या खुंटापासून त्या खुंटापर्यंत चालायचं, चेल्याने ढोल वाजवायचा, लोकांनी ठोके मोजायचे. दोऱ्याआधी साठ, दोऱ्यानंतर चाळीस! मांत्रिकाच्या ढोलातून आमचे पूर्वज बोलतात, त्यामुळे ढोलावर शंका घेणार कोण?

माझी बायको मापुलेंग, म्हणजे पुलेंगची आई, सत्तरीतही दर रविवारी आल्याच्या पेयाचा बुधला घेऊन खिंडीपलीकडे आजारी बहिणीकडे झपझप जायची. दोन महिन्यांपूर्वी मोखेलेचा दोरा बांधला आणि तेव्हापासून चढ बंद. त्या गर्दीच्या दोन दिवस आधी गोठ्यापर्यंत गेली आणि दार धरून उभी राहिली.

"अगं, धाप लागलीय तुला."

"धाप नाही हो. दम आत शिरतोय."

"आणि बहीण?"

तिने मान वळवली. "निरोप आलाय तिचा. मी मेल्यावर येणार का, म्हणून."

मग मात्र मी मुलीला, पुलेंगला, बोलावलं. ती शाळेत पोरांच्या शर्यती लावते. घड्याळ कायम गळ्यात.

आणि त्या दिवशी मी मैदानात उतरलो. विनादोऱ्याचे बासष्ट ठोके झाले. मग मोखेलेकडून दोरा घेतला, खाली वाकलो आणि घोंगडीआड भलतंच काही बांधलं. या खेपेला मुद्दाम असा चाललो, की वाटेत एक गोगलगाय मला ओलांडून गेली. एक्केचाळीस ठोके! बाया किलकारल्या.

"बघा घोडा!" मोखेले नाचला.

मी घोंगडी वर केली. घोट्याला कांद्याच्या पोत्याची लाल सुतळी. "मांत्रिकबुवा, हा तर कांद्याचा दम दिसतो."

"तो कांदा... घोड्यानं हुंगला असेल!"

पुलेंग पुढे आली. "बाबा आधी तीस सेकंदांत पोचले, नंतर बेचाळीस. उलट हळू चालले! पहिल्यांदा ढोल गारांसारखा बडवला, दुसऱ्यांदा बैल पाणी पितो तसा. ठोके कमी झाले, वेळ नाही."

"पूर्वजांचा ढोल खोटा म्हणतेस?" मापुलेंग कडाडली.

"ढोल पूर्वजांचा असेल गं आई. हात याच्या चेल्याचे आहेत."

मापुलेंग खाली बसली. "मग माझा दम गेला कुठे?"

"चढायचं सोडलंस, तिथे," पुलेंग म्हणाली. " काळीज आणि छाती कामाला लावली, तर म्हातारपणीही पाय झपझप पडतात. बसवून ठेवली की पायही मंदावतात. उद्यापासून थोडं थोडं चढ. बोलता येईल, पण गाता येणार नाही, इतपत वेगानं."

"आणि माझी कोंबडी?" कुणीतरी मागून विचारलं. तोवर मोखेले चढावर पोचला होता. दम सांडायची भीती त्याला एकट्यालाच नव्हती.

सातव्या रविवारी मापुलेंग खिंडीवर उभी होती. वाटेत नऊदा थांबली, त्यातल्या पाच वेळा माझ्यासाठी. पलीकडच्या दारात बहीण काठी टेकून उभी.

"आलीस होय! आणि या बुधल्याला दोरा कसला गं?"

"घोड्याच्या केसांचा. झाकण छान घट्ट बसतं."

लोकहो, चमत्कार मोजायचाच असेल, तर मोजपट्टी चमत्कार विकणाऱ्याच्या हातात देऊ नका. आणि मी जन्माचा थापाड्या, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. घड्याळ घ्या, दोन खुंट रोवा, चालून बघा. महिनाभर जपून, रोज चढ चढा. मग त्याच खुंटांमध्ये, त्याच घड्याळाने, पुन्हा मोजा.