जमुनाचा मगज

शेषरावाला दोन पोरी, त्याही जुळ्या, आणि त्याही अशा सारख्या की त्यांच्या मायनं, केशरबाईनं, शकुनच्या पायात काळा दोरा बांधला नसता तर एकीलाच दोनदा न्हाऊ घातलं असतं आणि दुसरी तशीच राहिली असती. छप्पन साली, नागपुरात दीक्षा झाली तेव्हा, दोघी सातवीत होत्या. पुढं शकुन मॅट्रिक झाली, अकोल्याच्याच शाळेत मास्तरीण झाली. जमुनाला अंजनगाव सुर्जीला दिलं. तिला आता वर्षाचं पोर होतं.

शेषराव स्वतः कचेरीत शिपाई. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यानं एकच वाक्य चांगलं घोटलं होतं, "समजलं, साहेब." समजलं असो की नसो. पुन्हा विचारलं की साहेब खेकसतो, बाकीचे शिपाई दात काढतात. त्यापेक्षा मान डोलवावी आणि बाहेर येऊन अंदाज बांधावा. बहुतेक वेळा अंदाज बरोबर यायचा. तिथंच घात झाला, दुसरं काय!

चौसष्टच्या उन्हाळ्यात शकुनच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर, मांडीवर निळे डाग. कुठं आपटली म्हणावं तर आपटलीही नव्हती. एक दिवस शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता खडू हातातच ठेवून खाली बसली ती उठेचना. दवाखान्यात नेलं. तिथले नवे डॉक्टर पुण्याकडचे, तरुण, मनानं भले. त्यांनी शेषरावाला बाहेर उभं केलं, शकुनच्या छातीच्या हाडात सुई घालून तपासणी केली, चार दिवसांनी त्याला आत बोलावलं.

"शेषराव, तुमच्या मुलीचा मगज सुकलाय. रक्त तिथंच तयार होतं, म्हणून अंगात रक्त नाही. नागपूरला नेलंत तर रक्त चढवत राहतील, त्यावर महिना-दोन महिने निघतील. पण मुंबईला माझे गुरुजी आहेत. जुळ्या बहिणीचा मगज काढून हिला देऊन बघायला ते तयार होतील. परदेशात एकदोघांना असा गुण आलाय. खात्री नाही देत मी, पण आशा आहे. बहीण अगदी हिच्यासारखीच आहे ना?"

"हो साहेब. हुबेहूब."

"मग दोघींना घेऊन आठ दिवसांत मुंबई गाठा. ही चिठ्ठी. समजलं ना?"

"समजलं, साहेब."

काय समजलं, कपाळ! डॉक्टरांच्या बोलीत मगज म्हणजे हाडातला गर, मटणाच्या नळीत असतो तो. शेषरावाच्या बोलीत मगज म्हणजे डोक्यातला. मगज फिरला, मगज खाऊ नको, मगज चालत नाही, हेच तो जन्मभर ऐकत आणि बोलत आलेला. तो दवाखान्याच्या पायऱ्या उतरला. एका पोरीचं डोकं फोडून दुसरीला जगवायचं, आणि कोणती मारायची, कोणती जगवायची ते बापानं ठरवायचं! त्यानं चिठ्ठीची घडी केली आणि कचेरीच्या कोटाच्या आतल्या खिशात घातली.

घरी शकुन खाटेवर टेकून बसली होती. "बाबा, डॉक्टर काय म्हणे? कागद देला असन ना? आना, मी वाचतो."

"कागद कायचा? रक्त कमी हाय म्हणे," शेषराव म्हणाला आणि कोट खुंटीला न लावता अंगावरच ठेवला.

केशरबाईला मात्र त्यानं अर्धंमुर्धं सांगितलं. "मुंबई म्हणे, नाईतं नागपूर."

"मंग मुंबईले नेऊ ना! मुंबईचा दवाखाना मोठा."

"पाहू," तो म्हणाला.

रविवारी तो अकोटवरून जाणाऱ्या अंजनगावच्या गाडीत बसला. जमुनाला विचारायचंच, असं ठरवून निघाला होता. गाडीत त्याचं मन एकदा इकडं, एकदा तिकडं. शकुन गेली तर घरातली पहिली मास्तरीण जाते. जमुनाचं डोकं गेलं तर ते वर्षाचं लेकरू कुणाच्या तोंडाकडं पाहील? खिडकीतून वारा तोंडावर येत होता आणि माणूस घामानं चिंब झाला होता.

जमुना दारातच बसली होती. पोर मांडीवर, आणि शेजारची एक म्हातारी लेकाचं पत्र वाचून घ्यायला आलेली. जमुना पत्र वाचत होती, मधेच म्हातारीला समजावत होती, "आजी, तो नाराज नाई तुमच्यावर, त्याले सुट्टी भेटत नाई." म्हातारी हसत उठली. शेषराव अंगणातच उभा राहिला. हेच काढायला मागतायत, त्याच्या मनात आलं, आणि तो ओट्यावर जाऊन बसला.

"बाबा, शकुन कशी हाय? मी येऊ काय तिच्यापाशी? काई लागत असन तं सांगजा, मले परकी नोका समजू."

सांग ना रे बाबा! पोरगी आपल्या तोंडानं विचारतेय. पण शेषराव पाणी प्याला, नातवाच्या हातात गुळाचा खडा दिला आणि म्हणाला, "काई नाई लागत. नागपूरले नेऊन राहिलो तिले. तिथं चांगली सोय हाय."

परत आल्यावर केशरबाईला त्यानं सांगितलं, मुंबईपेक्षा नागपूरचा दवाखाना बरा, डॉक्टरच म्हणाले. केशरबाईनं त्याच्यावर विश्वास टाकला. तिला दुसरं कोण होतं?

नागपुरात सात आठवडे गेले. बाटलीतून रक्त चढायचं, शकुनच्या गालांवर चार दिवस जरा रंग यायचा, पुन्हा पांढरीफटक. शेषरावानं स्वतःचं रक्त दिलं, शकुनच्या शाळेतल्या दोन मास्तरांनी अकोल्याहून येऊन दिलं. आठव्या आठवड्यात शकुनच्या नाकातून धार लागली ती थांबेना. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जवळच्या माणसांना बोलावून घ्या. शेषरावानं अंजनगावला तार केली.

जमुना आली. बहिणीला पाहून बाहेर व्हरांड्यात आली आणि भिंतीला डोकं लावून रडली. शेषरावाला राहवलं नाही. सात आठवडे छातीवर धोंडा घेऊन वावरणारा माणूस, तो एकदम बोलून गेला.

"रडू नोको, माय. तुलेच वाचोलं मी. अकोल्याच्या डॉक्टरनं तुहा मगज मांगतला होता. तुहा काढाचा अन् तिले घालाचा. म्या नाई म्हणलं. दोन्ही लेकरं माहेच, पन तुह्या मांडीवर पोर हाय."

जमुनानं डोळे पुसले. "माहा मगज?"

त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून चिठ्ठी काढली. घडीवर काळी रेघ पडली होती. चिठ्ठी इंग्रजीत. जमुना बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागली, मुलं वाचतात तसं. "बी, ओ, एन, ई. बोन. बोन म्हणजे हाड." तिचं बोट तिथंच थांबलं. "बाबा, हा डोक्यातला नोहे. हा हाडातला. नळीतला. सातवीच्या पुस्तकात होता, हाडाच्या पोकळीत मगज असते अन् त्यात रक्त तयार होते. मले पाठ होत नोयता, तं शकुननंच घोटून घेतला होता माह्याकडून."

शेषराव खाली वाकून आपल्याच पायाची नळी चाचपू लागला.

"मले काहून नाई इचारलं, बाबा? अंगनात उभे होते तुमी. मी इचारत होतो, काई लागते काय म्हणून. तिले तरी चिठ्ठी दाखवाची होती!"

ती आत धावली. डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात लुगड्याचा पदर खोचून उभी राहिली आणि म्हणाली, "काढा. माह्या कोन्त्याबी हाडातून काढा. आत्ता काढा." बाईंनी चिठ्ठी वाचली. मग म्हणाल्या, "पोरी, इथं ते करणारं कोणी नाही. मुंबईलाच नेलं पाहिजे. आणि हिला आता या खाटेवरून त्या खाटेवर हलवणंही होणार नाही. तेव्हा नेलं असतं तर गुण आला असता की नसता, मला सांगता येत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला, शकुन गेली. केशरबाई तिच्या पायातला तो जुना काळा दोरा मुठीत धरून बसली होती. जमुना बहिणीच्या केसांवरून हात फिरवत होती, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला वाटलं असतं, एकच बाई खाटेवर निजलीय आणि तीच खाटेशी बसलीय.

शेषराव दाराशी उभा होता. डॉक्टरीणबाई त्याच्याजवळ आल्या, हळू आवाजात म्हणाल्या, "बाबा, पोरगी गेली. समजलं ना?"

शेषरावानं सवयीनं मान डोलवायला सुरुवात केली आणि मधेच थांबवली.

"नाई समजलं, बाई," तो म्हणाला. "पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं.